पिवळं तुझं होतं

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मेहुण्यांची पाठ आता कशी आहे? भाचीची परीक्षा कधी सुरू होते? इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे, आणि माझा तो जुना स्वेटर, ज्याला तू 'घोंगडं' म्हणायचीस, अजून टिकून आहे.

सात महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, तेव्हा या प्रश्नांची उत्तरं येतील अशी आशा नाही. पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली.

सकाळपासून आईचं एक वाक्य डोक्यात घोळतंय. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे वाटीभर साखर मागायला पाठवायची, तेव्हा ती आधी आपल्याला नळाखाली उभं करायची. "मागायला जाताना तोंड धुऊन जावं, रडक्या तोंडाला लोक देतात, पण मग तेच तोंड लक्षात ठेवतात." आठवतं? मी नीट पुसून जायचे. तू मात्र ओल्या तोंडानेच, पापण्या चिकटलेल्या, वाटी दोन्ही हातांनी धरून जायचीस. शिंपीणबाईंना वाटायचं पोर रडूनच आलंय. त्या वाटी शिगोशीग भरायच्या. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "धुवायला लावते मी, आणि ही धुऊन जास्तच कमावून येते."

आज माझं पोट भरतं ते मागण्यावरच. माणसांना मागायला शिकवते मी. तू आमच्या संस्थेत कधी आली नाहीस, म्हणून सांगते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे शिवणाचा वर्ग चालायचा. जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून अजून टाचण्या निघतात. खुर्च्या अकरा, एकीचं दुसरीशी पटत नाही. भिंतीवर एक जुनं घड्याळ, आणि टेबलावर माझं हत्यार: अंडी उकडताना लावतात तसं, किल्ली फिरवली की दोन मिनिटांनी खणखणणारं छोटं घड्याळ.

राज्याच्या विधानसभेत गरिबांच्या मदतीचा कायदा बदलायचा म्हटला, की समितीपुढे सुनावणी होते. कुणीही जाऊन बोलू शकतं, पण दोन मिनिटं. समोर एक दिवा असतो. हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की बोलणं बंद. माणसाच्या चाळीस वर्षांच्या हालांना दोन मिनिटं. ते हाल त्यात बसवून द्यायचे, हे माझं काम. काय ठेवायचं, काय कापायचं. आधी माणूस सांगायचा, मग नियम, आणि शेवटी आजचं एक वाक्य, जे ऐकणाऱ्याच्या घशात अडकेल. गेली बारा वर्षं मी हे शिकवते आणि चांगलं शिकवते, असं लोक म्हणतात.

आज सकाळी एका रखवालदाराची तयारी घेत होते. साठीचा माणूस, दोन पाळ्या करतो, तरी खोलीचं भाडं भागत नाही. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "बाई, कुत्र्याबद्दल सांगू का?"

"काका, दोन मिनिटांत कुत्रा बसणार नाही."

"लहान आहे हो तो."

सगळे हसले. खिडकीशी बसलेले आमचे गवंडीकाका सगळ्यात मोठ्याने. ते संस्थेचे अध्यक्ष, पण अजूनही कुणाची भिंत ओलावली की थापी घेऊन जातात. मीही हसले. मग रखवालदार हळूच म्हणाला, "नाही, म्हणजे, बायको गेल्यावर घरात बोलायला तोच आहे. म्हणून म्हटलं." आणि मी घड्याळाची किल्ली पुन्हा फिरवली आणि म्हटलं, "चला, पहिल्यापासून. कुत्रा सोडून."

तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात आहे. म्हणजे खरं तर एप्रिलपासूनच आहे.

एप्रिलचं तुला वेगळं सांगायला नको, पण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलं नाहीस. त्या दिवशी चौदाव्या क्रमांकावर आमच्या इस्त्रीवालीने बोलायचं होतं. तपासनीस तिच्या घरी आला तेव्हा ती कामावर होती. त्याने तिच्या मुलाला विचारलं, घरात कोण कोण झोपतं? मुलाने मामाचं नाव घेतलं, जो दोन रात्री राहून गेला होता. घरात कमावता पुरुष आहे म्हणून मदत बंद. आम्ही मागत होतो ते एवढंच, की घरात मोठं माणूस नसताना तपासनीसाने मुलांना प्रश्न विचारू नयेत आणि मुलांच्या उत्तरावरून कुणाची मदत तोडू नये. सकाळी नऊला तिचा निरोप आला: मुलाला ताप आहे, येत नाही. सगळ्या यादीत या कलमावर बोलणारी ती एकटी होती. गवंडीकाका माझ्याकडे बघत राहिले. तेराव्याचं बोलणं संपलं, तशी तिच्या जागी मी उठले.

कागद नव्हता हातात. गरजही नव्हती. पस्तीस वर्षं ते माझ्याकडे तयारच होतं.

मी सांगितलं, आमचे वडील गेले होते. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात अर्धा दिवस जायची, आणि मदतीच्या कार्डावर दर महिन्याला धान्य, तेल, कोळसा मिळायचा. एके दिवशी चार वाजता तपासनीस बाई आल्या. घरात आम्ही दोघीच. बाईंनी माझ्या सहा वर्षांच्या बहिणीला विचारलं, काल रात्री काय जेवलीस? ती म्हणाली, अंडी. किती? दोन-दोन. आणि आईने मला तिच्यातलं पिवळं पण दिलं.

इथे समितीतले दोघे-तिघे हसले, बारके. हसतील हे मला माहीत होतं. हसू पुरतं विरायच्या आत मी पुढचं वाक्य टाकलं: त्या आठवड्यात आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा नव्हतं. मग 'अंडी परवडतात' म्हणून कार्ड बंद झाल्याचं, आईने दोन पाळ्या धरल्याचं, वाफेतून बाहेर पडून थंडीत चालत यायची ते, खोकल्याचं, आणि फेब्रुवारीत ती गेल्याचं. दिवा पिवळा झाला. माझ्याकडे एका वाक्यापुरता वेळ होता. मी म्हटलं, "तीच माझी बहीण आज सरकारी इस्पितळात लोकांच्या छातीचे फोटो काढते, आणि दिवसभर म्हणते, श्वास घ्या, श्वास रोखा, सोडा."

दिवा लाल झाला तेव्हा माझं बोलणं बरोबर संपलं होतं. बारा वर्षांत इतकं अचूक कुणाचं झालं नव्हतं.

समितीने कलम मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, माझ्या फोटोसकट. लोक त्याला 'अंड्यांचं विधेयक' म्हणायला लागले. तुझ्या इस्पितळात छातीचे फोटो काढणाऱ्या, माझ्यासारख्याच नाकाच्या बायका कितीशा असणार?

तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं तू ओरडशील. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "ताई, बाकीचं ठीक आहे. पण पिवळं माझं होतं. ते तू त्यांना का दिलंस?" आणि फोन ठेवलास.

रखवालदार खाली जाऊन परत आलाय. कुत्रा जिन्यात बांधलाय म्हणे. उठते.

१० नोव्हेंबर, सकाळ

काल इथेच थांबले. कामाचं निमित्त होतं, पण काम नसतं तरी थांबले असते.

मागच्या रविवारी मी तुमच्याकडे फोन केला होता, हे मेहुण्यांनी तुला सांगितलं की नाही कोण जाणे. तू कामावर होतीस. ते आधी नेहमीसारखंच, "बरं आहे, चाललंय," म्हणाले. मग म्हणाले, "ताई, एक सांगू का, रागावू नका." कँटीनमध्ये तू गेलीस की टेबल गप्प होतं म्हणे. एक पेशंट मशीनसमोर उभा राहून म्हणाला, "तुम्हीच का त्या अंड्यांच्या?" आणि मग त्यांनी भाचीचं सांगितलं. तिने शाळेत ते वाचलं आणि घरी येऊन तुला विचारलं, "आई, आजी तुझ्यामुळे गेली का?" तू काय म्हणालीस, असं मी विचारलं. मेहुणे म्हणाले, "काही नाही. 'हो,' म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली."

बारके, हो नाही. त्याचं उत्तर 'हो' नाही.

आता मी कापलेला भाग सांगते. दोन मिनिटांत बसत नव्हता म्हणून कापला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. घड्याळ लावून बघितलं काल सगळे गेल्यावर. अकरा सेकंद लागतात.

तू ते वाक्य आपलं आपण बोलली नव्हतीस. मी शिकवलं होतं. त्या दुपारी बाई गल्लीच्या टोकाला दिसल्या, तेव्हा मी तुला पलंगावर बसवलं, तुझं तोंड पुसलं आणि म्हटलं, "काय जेवलीस विचारलं तर सांगायचं, अंडी. किती? दोन-दोन. म्हण बघू." तू म्हणालीस. "पुन्हा." तू पुन्हा म्हणालीस. तीनदा घोकून घेतलं मी तुझ्याकडून. मी शिकवलेली पहिली साक्षीदार तूच. पिवळ्याचं तेवढं मी शिकवलं नव्हतं. ते तू तुझ्या मनाने घातलंस. तुला ते इतकं खरं वाटत होतं की बोलताना तू ओठ चाटलेस. बाईंनी तेच पाहिलं आणि वहीत लिहिलं.

का शिकवलं? याचं एक उत्तर माझ्याकडे वर्षानुवर्षं तयार आहे. मागच्या गल्लीतल्या पोरांनी 'उपाशी झोपतो' म्हणून सांगितलं, आणि त्यांना अनाथालयात नेलं, असं सगळे बोलत होते. मला भीती वाटली की आपल्यालाही नेतील. हे खोटं नाही. ही भीती मला होती.

पण ते निम्मंच आहे. तपासनीस बाईंची मुलगी माझ्या वर्गात होती. माझ्याच बाकावर. निळी पेन्सिलपेटी होती तिच्याकडे. तिच्या डब्यात रोज अंडं असायचं, आणि मी तिला सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे पण असतं, रात्रीला, दोन-दोन. तिची आई आपल्या घरी येणार, आणि तू खरं बोलणार, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाकावर मी खोटी ठरणार. मला एवढंच दिसत होतं. मी दहा वर्षांची होते, हे मी शंभर वेळा स्वतःला सांगून पाहिलं आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला ते पटलं असतं.

त्या संध्याकाळी आई आली, बाईंनी ठेवलेली चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "अंडी कोण म्हणालं?" मी गप्प राहिले. तू शाळेत वर करतात तसा हात वर केलास. मार बसेल म्हणून मी डोळे मिटले होते. आई खुर्चीत बसली, बूट न काढता. मग म्हणाली, "किती खाल्लीत गं?" तू म्हणालीस, "दोन-दोन." "आणि मला एकही नाही ठेवलंत?" आणि ती हसायला लागली, तू पण हसायला लागलीस, आणि तिने तुला मांडीवर घेतलं. मी दाराशी उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. मला आणखी एक संधी मिळाली होती. तू नऊ वर्षांची असताना, मावशीकडे राहत होतो तेव्हा, तू अंथरुणात मला विचारलं होतंस, "ताई, मी असं का बोलले असेन गं?" तुला शिकवलेलं काही आठवत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले, ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "लहान होतीस. सोड आता."

केवढ्या मोठ्या मनाने माफ केलं मी तुला!

त्यानंतर तू कधी अंडं खाल्लं नाहीस. सगळ्यांना वाटतं तुला वास सोसत नाही. तुझ्या लग्नात मेहुण्यांच्या आईंना मीच तसं सांगितलं होतं.

आता आजचं. विधेयक पूर्ण सभागृहातून फेरविचारासाठी समितीकडे परत आलंय. सत्तावीस तारखेला पुन्हा सुनावणी. समितीच्या चिटणीसांचं पत्र आलं, की 'अंड्यांची साक्ष' पुन्हा व्हावी. विरोधातले एक सदस्य उघड म्हणालेत, "पोरगी खोटं बोलली, त्यात तपासनीसाचा काय दोष?" त्यांच्यासमोर तीच गोष्ट पुन्हा सांगावी, अशी आमच्या सगळ्यांची इच्छा आहे. मी गवंडीकाकांना खरं काय ते सांगितलं. ऐकून ते बराच वेळ हातावरचा चुना खरवडत बसले.

"म्हणजे आता तू उठून सांगणार, पोरीला पढवलं होतं म्हणून?"

"हो."

"माकडाच्या हाती कोलीत देतेस. उद्या तो माणूस म्हणेल, बघा, ही सगळीच पढवलेली असतात. इस्त्रीवालीचं कार्ड जाईल. अशा किती जणींचं."

"मग काय करू, काका?"

ते म्हणाले, "मी गवंडी आहे. ओळंब्यात नसलेली भिंत पाडावी लागते, मला कळतं. पण आत माणसं राहायला आली की हात धजत नाही." आणि खाली निघून गेले. आज सकाळी माझ्यासाठी चहा घेऊन आले.

मला वाटतं, त्यांचं म्हणणं चूक नाही. मला असंही वाटतं की दहा वर्षांची मुलगी लाजेपायी सहा वर्षांच्या मुलीला पढवते, हेच तर कारण आहे मुलांना न विचारण्याचं. पण हे दोन मिनिटांत पटेल का, सांगता येत नाही. हे मी कुणाला शिकवलेलं नाही.

सोबत एक कागद जोडला आहे. सत्तावीस तारखेला मी काय बोलेन ते त्यावर आहे. सुरुवात अशी आहे: "मी दहा वर्षांची होते. माझ्या बहिणीने जे उत्तर दिलं ते मी तिला शिकवलं होतं." त्यात पिवळं नाही. इस्पितळ नाही. तू काय काम करतेस ते नाही. एप्रिलमध्ये मी तुला न विचारता घेतलं. या वेळी तू जे खोडशील ते खोडलं जाईल. सगळं खोडलंस तर मी उभी राहून 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' एवढं म्हणेन आणि बसेन. कागद परतच आला नाही, तर तेही मी 'नाही' म्हणूनच वाचेन. इस्त्रीवालीला मी हे कालच सांगितलं. तिला वाटतं मी वेडी आहे. ती म्हणाली, "बाई, बहिणीचं मन राखायला माझं घर घालवू नका म्हणजे झालं." तिचंही बरोबर आहे. ती या वेळी स्वतः बोलणार आहे, मुलाला शेजारणीकडे ठेवून. तिची तयारी मी घेतली नाही. कुठलंच वाक्य सांगितलं नाही.

तू सुनावणीला ये, असं मी म्हणत नाही. तू 'रजा नाही' म्हणशील, आणि तुला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावायची माझी इच्छा नाही. माफही करू नकोस. ते मी आपल्या दोघींत फार स्वस्त करून ठेवलंय. भाचीला मात्र हे पत्र दाखव. दुसरं पान तरी.

आणि एक मागायचं आहे. बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आले आहे, नीट पुसूनसुद्धा.

एक अंडं उकड. एकच. चांगलं दहा मिनिटं उकळू दे, घाई नको. सोलून अर्धं कर, पांढरं बाजूला ठेव आणि पिवळं खा. तू खाणार नाहीस. पातेलं काढशील, परत ठेवशील, मला ठाऊक आहे. तरी मागते.

ते तुझंच होतं, अजूनही आहे.

तुला शिकवणारी,
ताई